पेटी लहान की मोठी

नणंदेची, मेन्नाची गाडी अंगणात वळली तेव्हा ग्लेनिस ओव्हनमधल्या बटाट्यांवर चमच्यानं चरबी ओतत होती. ती तशीच खिडकीशी गेली आणि तिनं आधी बघितलं ते सासऱ्यांची बॅग उतरते का. बॅग उतरली नाही. नुसते ट्रेफर उतरले, काठी टेकत, गळ्यात लेकीनं विणलेला मफलर. पाय जमिनीला लागल्याबरोबर मेन्नाचा हात झटकून त्यांनी मान वर केली आणि धुराड्याकडे पाहिलं.

"धूर दिसत नाही," ते दारातूनच म्हणाले. "ऑक्टोबर संपत आला, घरात माणसं आहेत आणि आग नाही. कोण गेलं काय?"

"अजून तरी कुणी नाही, डॅड," ग्लेनिस म्हणाली. "आग जेवणानंतर. सगळ्यांच्या देखत पेटवायची, असा लौरीचा हुकूम आहे."

"आहे कुठं ती?"

"शेडमध्ये. पत्रा शोधतेय."

पत्रा कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. आज काय ठरायचं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मार्चमध्ये न्यूमोनियानं ट्रेफरना आडवं केलं ते थेट हेरेफर्डच्या इस्पितळात, आणि तिथून मेन्नाच्या घरी. उन्हाळा तिथंच गेला. रविवारी गार्थला, म्हणजे या शेतघरी, जेवायला यायचं, मेंढ्यांवरून एक नजर फिरवायची आणि अंधार पडायच्या आत परत. आता थंडी तोंडावर आली होती, आणि म्हाताऱ्याला हिवाळा स्वतःच्या घरात काढायचा होता.

पण गार्थचं घर दगडी. बसायच्या खोलीला ऊब देणारं एकच काय ते, भिंतभर रुंद उघडी फायरप्लेस, आणि ती ऊब कमी, धूरच जास्त देई. मेन्ना जन्मभर नर्स. तिचं म्हणणं साफ होतं. खोली गरम आणि बिनधुराची झाली तर डॅड राहतील, नाही तर हेरेफर्ड. काचेच्या दाराची बंद शेगडी बसवा, असं तिनंच सुचवलं होतं. त्यावर ट्रेफरनी सांगितलं होतं की काचेमागं मासे बघतात, आग नव्हे, आणि ती शेगडी घरात आली तर मी घरात येणार नाही.

सगळं तिथंच अडलं असतं. ग्लेनिसला, खरं सांगायचं तर, ते तिथंच अडलं असतं तर चाललं असतं. तिची लौरी आणि लौरीचा एलेड दोघं शेडमागच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहत होते. थंडीत त्यांच्या अंथरुणाला ओल धरायची. ग्लेनिस आणि आयव्हरचा बंगला अंगणाच्या पलीकडे, तोही एवढासा. आणि इकडे हे मोठं घर मार्चपासून रिकामं. सासऱ्यांचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पण मेन्ना फोनवर "छातीशी खेळ नको गं" म्हणाली की ग्लेनिस लगेच "खरंय तुझं" म्हणायची, जरा जास्तच लगेच.

आणि तिसरी वाट काढली कुणी, तर लौरीनंच. या पोरीला स्वतःचं हित कधी कळणार, असं ग्लेनिसला झालं होतं.

*

जेवायला कोकराचं मांस होतं, पुदिन्याची चटणी, भाजलेले बटाटे, कुस्करलेला स्वीडचा कंद. ट्रेफरनी दोनदा वाढून घेतलं आणि मेन्नानं त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा बघितलं.

"हेरेफर्डला डॅड इतकं खात नाहीत," ती म्हणाली.

"हेरेफर्डला तू मला मासे घालतेस. उकडलेले."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर खातो का उकडलेले मासे? त्याचं पोट बघितलंस?"

आयव्हर हसला आणि बहिणीनं बघताच हसायचा थांबला. बापलेकीच्या मध्ये पडायचं नाही, हे तो लहानपणीच शिकला होता, आणि पुढं बायको आल्यावर त्याला ते फार उपयोगी पडलं.

लौरीनं ताटं बाजूला सारून दोन चित्रं टेबलावर ठेवली. तिच्या केसांत शेडमधलं जळमट अडकलं होतं.

"नीट ऐका, ग्रॅम्प," ती आजोबांना म्हणाली. "ही लोखंडी पेटी. दुहेरी पत्र्याची. आतल्या पेटीत आग, आता जळते तशीच. दार नाही, काच नाही, मासे नाहीत."

"ठीक."

"दोन पत्र्यांच्या मध्ये पोकळी. जमिनीवरची गार हवा खालून त्या पोकळीत शिरते, आगीच्या मागून तापत वर चढते आणि वरच्या फटीतून खोलीत येते. आत्ता काय होतं? तुमची सगळी ऊब धुराड्यातून वर जाते. गार्थचे कावळे शेकून घेतात आणि आपण कोट घालून बसतो."

"कन्व्हेक्टर म्हणतात त्याला," आयव्हर म्हणाला. हे त्यालाही काल रात्रीच कळलं होतं.

"आणि दोन का?" ट्रेफरनी चित्रांवर बोट ठेवलं.

"एक मोठी, एक लहान. मोठीत आपले तीन फुटी ओंडके मावतात. लहानीत ते निम्मे करावे लागतील."

"मग मोठी."

"मोठी," आयव्हरही म्हणाला. त्याच्यापुढं उभी राहिली ती ओंडक्यांनी भरलेली शेड. कुंपणावरची ॲशची झाडं रोगानं एकामागून एक मेली होती. मेलेलं झाड रस्त्यावर पडायच्या आत उतरवायचं, म्हणून ती सगळी तोडून, फोडून, वाळत घातली होती. पुन्हा करवत घेऊन तो सगळा ढीग निम्मा करायचा म्हणजे आख्खा नोव्हेंबर गेला.

"लहान," लौरी म्हणाली. "डॅड, तुझ्या करवतीसाठी नाही चाललंय हे. आपल्या धुराड्याचा घसा अरुंद आहे. एवढ्या मोठ्या तोंडातला धूर तो गिळणार कसा?"

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून गिळतोय," ट्रेफर म्हणाले.

"गिळतोय? ग्रॅम्प, आपल्या घरातला एक पडदा दाखवा पांढरा."

मेन्ना इतका वेळ काटा-सुरी नीट जुळवून ठेवत होती. "दोन्ही बघून झालं असेल तर मी बोलू? मोठी असो, लहान असो, उघडी आग ती उघडी आग. धूर आत आला तर कुणाच्या छातीत जाणार? लौरी, तुझ्या नाही."

"म्हणून तर आज बघायचंय ना, आत्या! पेटी विकत घ्यायच्या आधी. कडेला सिमेंटचे ठोकळे रचायचे, वरून पत्रा धरायचा. तोंड पेटीएवढंच उरवायचं, मोठीचं मग लहानीचं, आणि खरी आग लावायची. धूर आला तर आला."

"आणि दोन्ही वेळा आला तर?"

लौरीनं आजोबांकडे बघितलं.

"तर मी मेन्नाकडे," ट्रेफर म्हणाले. "आणि कायमचा. दर रविवारचा हा तमाशा नको मग. आयव्हर, तुझं काय म्हणणं?"

"मी पत्रा धरीन," आयव्हर म्हणाला.

*

बसायच्या खोलीत ट्रेफरनी आधी फायरप्लेसमध्ये बघितलं आणि ते भडकले.

"राख कुणी काढली?"

"मी," ग्लेनिस म्हणाली. "मार्चमध्ये. घर बंद राहणार म्हणून..."

"अगं, लाकडाच्या आगीखालची राख काढतात का कधी? कोळशाची काढतात. लाकूड राखेवर बसतं, झोपतं, सकाळपर्यंत जिवंत राहतं. तुझ्या सासूनं, नेस्टानं, कधी ढवळली नाही ती राख."

"तुम्ही इस्पितळात होतात, डॅड. मला काही सुचलं नाही दुसरं."

हे तिनं इतकं साधेपणानं सांगितलं की त्यांना पुढं रागावता येईना. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, नेहमीचीच, आगीच्या उजव्या हाताची. लौरीनं काटक्या पेटवल्या, फोडलेले ॲशचे तुकडे रचले, आणि जाळ धरल्यावर मागं एक तीन फुटी ओंडका लोटला. कडेला ठोकळे रचलेले होते. आयव्हर आणि मेन्ना वेल्डिंगचे हातमोजे घालून पत्र्याच्या दोन टोकांना उभे राहिले. पत्र्यावर लौरीनं खडूनं रेघा मारल्या होत्या.

"मोठी," लौरी म्हणाली. "रेघ वरच्या आडव्या तुळईला लावा. अस्सं. आई, दार लाव."

ग्लेनिस दाराशी गेली आणि थांबली. आयव्हरही पत्रा धरूनच मान वळवून दाराकडे बघायला लागला. या खोलीचं दार आग पेटल्यावर कुणी लावत नसे. गार्थची रीतच होती ती. आग पेटली की दार हातभर उघडं ठेवायचं, खाली जुनी इस्तरी लावायची, म्हणजे ओढ लागून धूर वर जातो. दाराच्या त्या फटीतून बोळातला वारा घोट्यांवर येई. नव्या सुना पहिल्या हिवाळ्यात दार लावत, धूर होई, सगळे हसत, आणि पुन्हा कधी लावत नसत. ग्लेनिसचंही तसंच झालं होतं.

"लाव ना, आई."

तिनं इस्तरी पायानं सरकवली आणि दार लावलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग पत्र्याच्या खालच्या कडेवरून धूर बाहेर वळला, आधी एक पट्टा, मग चांगला लोटच.

"दार जरा उघडा," ट्रेफर सवयीनं म्हणाले, आणि सगळे हसले. ते स्वतःही हसले आणि खोकले.

"ग्रॅम्प, ते दार म्हणजे औषध नाही, दुखणं आहे," लौरी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही वर्षानुवर्षं बाहेरचा वारा आत घेऊन शेकत बसलायत."

"मोठी गेली," आयव्हर म्हणाला, आणि मनातल्या मनात करवतीला धार लावायला घेतली.

खिडक्या उघडून खोली मोकळी केली. लौरीनं ठोकळे आत सरकवले, ओंडका ओढून काढून बाहेर नेला आणि त्याच्या जागी आखूड तुकडे घातले. ट्रेफर बघत होते. त्यांच्या बापानं आणि बापाच्या बापानं ज्या तोंडापुढं पाय पसरले ते तोंड दोन्ही बाजूंनी आवळत चाललं होतं. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी इथं ओंडका यायचा, दोघा माणसांना न पेलणारा. पूर्वी घोडा ओढून आणी, पुढं ट्रॅक्टरनं उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून सगळ्यांनी मिळून लोटायचा. तो नव्या वर्षात जाईपर्यंत पुरवायचा. या एवढ्याशा भोकात काय मावणार? पावाचा डबा मावेल.

"चेहरा का पाडताय, डॅड?" ग्लेनिस म्हणाली.

"ख्रिसमसचा ओंडका," ते म्हणाले.

लौरीनं ठोकळ्यांमधलं अंतर पुन्हा एकदा मापून बघितलं. 

"लहान," लौरी म्हणाली. "पत्रा खाली. अजून. आत्या, रेघ तुळईला. बास. आई, दार."

दार लागलं. आग एकदा दबली, मग तिनं अंग धरलं आणि जाळ सरळ वर गेला. पत्र्याखाली काही आलं नाही. ॲशचं लाकूड बारीक तडतडत होतं. वाऱ्याचा आवाज नव्हता, घोट्यांना गार लागत नव्हतं, आणि हळूहळू ट्रेफरच्या लक्षात आलं की आपली पाठ गरम होतेय. नुसती गुडघ्यांची बाजू नाही, पाठ. या खोलीत आपल्याला पाठ आहे हे त्यांना हिवाळ्यात पूर्वी फक्त कळा आल्या की कळायचं.

आणि मग त्यांना नेस्टा आठवली, आणि चांगलं वाटायचं थांबलं. नेस्टा दाराशी बसायची. विणकाम घेऊन, मांडीवर घोंगडी, पायावर दुसरी घोंगडी. बोळापलीकडचं स्वयंपाकघर ऐकू येतं म्हणून तिला तिथं आवडतं, असं त्यांनी धरून चाललं होतं. तसं तिनंच सांगितलं होतं. कुणी तरी फटीत बसलं नाही तर इतरांना वारा लागायचा, एवढी साधी गोष्ट होती.

"तुमची आई थंडीत बसायची," ते मोठ्यानं म्हणाले. "मी तिला कधी विचारलंसुद्धा नाही."

*

मेन्नानं हे ऐकलं. तिचे हात खांद्यापासून दुखत होते, पण ती पत्रा घट्ट धरून होती. धूर नव्हता. खोली गरम होत होती. म्हणजे झालं. डॅड राहणार.

तिला आनंद व्हायला हवा होता. नर्स म्हणून तिला हेच हवं होतं, सगळ्यांसमोर मार्चपासून तिनं हेच तर मागितलं होतं. पण तिला दिसलं ते हेरेफर्डचं स्वतःचं स्वयंपाकघर. नवरा, क्लाइव्ह, गेल्यावर ती तिथं उभ्यानंच जेवायची, ओट्यापाशी, डब्यातनंच. टेबल मांडायचं कुणासाठी? मग डॅड आले. सकाळी लापशी, "पातळ झाली" म्हणून कटकट. हवामानाच्या बातम्या देणाऱ्या रेडिओवरच्या बाईशी भांडण, "हिला डोंगरावर नेऊन उभी करा एकदा!" रात्री भिंतीपलीकडून खोकला. तो खोकला ऐकू आला की तिला झोप लागायची. तिला स्वतःची लाज वाटली, पण ते खरं होतं. बापाचा खोकला ऐकून तिला बरं वाटायचं.

आज संध्याकाळी नाही तर पुढच्या महिन्यात, ती एकटीच गाडीनं परत जाणार होती.

पत्रा जरासा वर गेला. तिनं ठरवलं असं म्हणता येणार नाही, आणि नाही ठरवलं असंही नाही. तिच्या बाजूची खडूची रेघ तुळईच्या वर सरकली आणि खाली, ठोकळ्याच्या कोपऱ्यात, धुराची एक बारीक जीभ बाहेर आली. ट्रेफर खोकले.

"आला का?" लौरी दचकून म्हणाली. "कुठून? आत्ता तर चांगलं ओढत होतं!"

"आला म्हणजे आला," मेन्ना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी म्हणाले होते."

ग्लेनिस दाराशी उभी होती. तिथून तिला दिसत होतं ते गुडघ्यांवर बसलेल्या लौरीला दिसत नव्हतं आणि पत्र्याच्या दुसऱ्या टोकाशी उभ्या आयव्हरला दिसत नव्हतं. आयव्हरच्या बाजूची रेघ तुळईला लागलेली, मेन्नाच्या बाजूची वर.

आणि एक क्षण, अगदी खरं सांगायचं तर एका क्षणापेक्षा जास्त, ग्लेनिस गप्प राहिली. काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. ख्रिसमसला लौरी आणि एलेड या घरात. कोरडं अंथरूण. चार खोल्या. आणि दोष कुणाचा? धुराड्याचा. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते मेन्नाकडे बघतच नव्हते. ते डोळे मिटून बसले होते, निकाल ऐकलेल्या माणसासारखे, आणि त्यांचा हात खुर्चीच्या हातावरून मागंपुढं फिरत होता, एखाद्या जनावराचा निरोप घ्यावा तसा.

ते तिला बघवेना. ती चालत गेली, मेन्नाच्या हातावर हात ठेवला आणि पत्रा रेघेपर्यंत खाली दाबला. धूर थांबला.

"हात भरून आला असेल तुझा," ती म्हणाली. "सरक. मी धरते."

मेन्नानं हातमोजे काढून तिला दिले. मग ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली, कपाळावर काजळी, आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कारण ती खुर्चीत जाऊन बसत नव्हती.

"हात भरून नव्हता आला," ती म्हणाली. "मुद्दाम उचलला मी."

"काय?" आयव्हर पत्र्याच्या टोकाकडून म्हणाला. "काय उचललं?"

"पत्रा. मी पत्रा वर केला. धूर यावा म्हणून."

"आत्या!" लौरी उठून उभी राहिली. "ग्रॅम्पच्या छातीत जाईल म्हणून रडत होतीस ना तू? मार्चपासून?"

"गप गं," ट्रेफर म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते. "मला ठाऊक आहे. धूर आधी माझ्याच तोंडावर आला. मी बघितलं तेव्हा पत्र्याचं मेन्नाचं टोक वर होतं आणि ती आगीकडे बघत नव्हती. मला वाटलं, ग्लेनिस बोलायची नाही. तिला तसं कारण आहे."

ग्लेनिसचा चेहरा जाळापेक्षा लाल झाला. "डॅड, मी कधी..."

"तू बोललीस. झालं. कॅरॅव्हॅनमधली ओल मला काय दिसत नाही?" ते मेन्नाकडे वळले. "आता तू बोल."

"घर फार मोठं झालंय, डॅड," मेन्ना म्हणाली. "क्लाइव्ह गेल्यापासून. मी बोलतच नाही कुणाशी. ड्यूटीवरून यायचं आणि कुलूप उघडताना छातीत धस्स व्हायचं, रोज. तुम्ही आल्यापासून नाही झालं. तुम्ही परत आलात की पुन्हा होणार. म्हणून उचलला."

आपली बहीण अशी बोलू शकते हे आयव्हरला माहीतच नव्हतं. त्यानं पत्रा अजून घट्ट धरला.

"म्हणजे ही सगळी बोंब माझ्या छातीची नव्हती तर," ट्रेफर म्हणाले.

"छातीचीही होती."

"छाती राहू दे बाजूला. सगळ्यांनी माझ्या छातीचं नाव घेऊन मला इकडून तिकडं हलवलंय. तुला मला जे विचारायचंय ते विचार. छातीचं नाव न घेता."

मेन्नानं काजळीच्या हातानं डोळे पुसले आणि चेहऱ्याचं आणखी वाटोळं करून घेतलं. "हा हिवाळा माझ्याकडे राहता का, डॅड?"

ट्रेफरनी आगीकडे बघितलं. एवढंसं तोंड, पण जाळ स्वच्छ होता, हे त्यांना कबूल करावं लागलं.

"लौरी, लहान पेटी मागव."

"मागवते!" लौरीनं आत्याकडे विजयानं बघितलं आणि लगेच तिला ते बघणं बरं वाटेना. मेन्ना मान खाली घालून उभी होती.

"बसवून घे. बसली की रोज पेटवायची, तू आणि एलेडनं. इथं राहून. वरच्या खोल्यांतही शेक जाईल. नवी आग एका दिवसात कळत नाही, ओंडके किती आखूड लागतात, रात्री किती राखेखाली ठेवायचे, सगळं शिकावं लागतं. मी वसंतात, मेंढ्या वियायला लागल्या की येतो."

"म्हणजे?" लौरीला कळेना. "तुम्ही हेरेफर्डला जाणार? मग एवढा खटाटोप मी कुणासाठी केला? ठोकळे वाहून वाहून माझे हात सोलले, ग्रॅम्प!"

"माझ्यासाठी केलास. दुपारपर्यंत मला हेरेफर्डशिवाय कुठं जागाच नव्हती. तिच्याकडे होतो ते ठेवून घेतलेलं म्हणून. मार्चमध्ये तिनं विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि तरी मला न्यावंच लागलं असतं. आता माझं घर गरम आहे. आता मी तिच्याकडे पाहुणा म्हणून जातोय. मेन्ना, उकडलेले मासे बंद."

मेन्ना हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. ती त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि गालिच्यावर बसली, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच तिनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ट्रेफरना आपल्या हातांचं काय करावं ते समजेना. शेवटी त्यांनी मफलरच्या टोकानं तिच्या कपाळावरची काजळी पुसायला घेतली. ती निघण्याऐवजी पसरली, तरी ते पुसत राहिले.

"डॅड," आयव्हर पत्र्याच्या टोकाकडून म्हणाला. त्याचे दंड भरून आले होते. "ठरलं असेल तर मी हे खाली ठेवू का?"

ट्रेफरनी मान वर केली नाही.

"थांब थोडा," ते म्हणाले. "ती बसलीये तोवर धर."